डर्टी काऊ : एकाच बगची सतरा वर्षं

ऑक्टोबर २०१६ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, एक पॅच (दुरुस्तीचा कोड) गेला. दोन फाइली, जेमतेम पंधराएक ओळी. सोबतच्या टिपणात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलं होतं की हा बग फार जुना आहे, अकरा वर्षांपूर्वी आपणच तो एकदा दुरुस्त करायला घेतला होता, ती दुरुस्ती धड जमली नाही आणि पुढे ती काढूनही टाकावी लागली. बगला सुरक्षा-त्रुटींच्या जागतिक यादीतला क्रमांक मिळाला सीव्हीई-२०१६-५१९५ आणि टोपणनाव मिळालं डर्टी काऊ. (काऊ म्हणजे कॉपी-ऑन-राइटची, ‘लिहायला गेलं की नक्कल’ या पद्धतीची, आद्याक्षरं.) नावापाठोपाठ लोगो आला, स्वतंत्र वेबसाइट आली, आणि बगांची अशी जाहिरातबाजी करणाऱ्यांची टर उडवायला त्या साइटवर भरमसाट किमतींचं एक लुटुपुटुचं दुकानही थाटलं गेलं.

या सगळ्या गलक्यात एक मुद्दा मागे राहिला, आणि हे प्रकरण तपशिलात बघावंसं वाटतं ते त्यासाठीच. २०१६ चा पॅच मेमरीच्या नोंदीतल्या एका बिटाच्या साक्षीवर उभा होता. तो बिट कर्नलने सुरक्षेच्या कामासाठी कधी ठेवलेलाच नव्हता. २००५ ची फसलेली दुरुस्ती, २०१६ चा पॅच, २०१७ मध्ये निघालेली पळवाट आणि २०२२ मध्ये निघालेली आणखी एक, चारही ठिकाणी घोळ त्याच बिटाचा आहे.

सापडला तो हल्ला होऊन गेल्यावर

फिल ओस्टर यांनी हा बग शोधला असं म्हटलं जातं, ते खरंच आहे, पण कोड वाचता वाचता नव्हे. ते आपल्या सर्व्हरवर बाहेरून येणारी सगळी एचटीटीपी वाहतूक पुढच्या तपासासाठी साठवून ठेवत. एका सर्व्हरमध्ये कोणीतरी घुसल्यावर त्यांनी या साठ्यातून हल्लेखोराने चढवलेला प्रोग्रॅम बाहेर काढला, तो वेगळ्या मशीनवर चालवून पाहिला, आणि साध्या युजरचा बघता बघता रूट, म्हणजे मशीनवर सर्वाधिकार असलेला युजर, झाला. म्हणजे जगाला बग कळण्याआधीच तो कोणीतरी वापरत होतं.

इथे क्षणभर थांबण्यासारखं आहे. रूट मिळवलेला माणूस त्या मशीनवरच्या लॉगमध्ये हवी ती खाडाखोड करू शकतो. डर्टी काऊच्या बाबतीत तर खाडाखोडीचीही गरज नव्हती, कारण बग वापरल्याची नोंद नेहमीच्या लॉगमध्ये होतच नव्हती. चढवलेल्या प्रोग्रॅमची प्रत पकडलेल्या पॅकेटांमध्ये उरली होती म्हणून निदान झालं. वाहतूक साठवून ठेवणं जागा खातं, त्यात इतरांची खासगी माहिती येते, म्हणून अनेकजण ते टाळतात आणि त्यांची कारणं रास्त आहेत. या प्रकरणात मात्र दुसरा पुरावाच नव्हता.

फट नेमकी कुठे होती

दोन प्रोसेस एकच फाइल वाचत असतील तर कर्नल मेमरीत तिची एकच प्रत ठेवतो, पेज कॅशमध्ये. मेमरी पेज नावाच्या ठरावीक तुकड्यांत विभागलेली असते, आणि कोणत्या पत्त्यावर कोणतं पेज हे प्रोसेसच्या पेज टेबलात असतं. दोघांच्या पेज टेबलातल्या नोंदी त्याच पेजकडे बोट दाखवतात. एखादी प्रोसेस म्हणाली की मला ही फाइल ‘प्रायव्हेट’ पद्धतीने मॅप करून, म्हणजे आपल्या मेमरीला जोडून, हवी, तरी सुरुवातीला तिला तेच सामायिक पेज मिळतं. ती प्रोसेस पहिल्यांदा लिहायला गेली की कर्नल त्या पेजची नक्कल काढतो, नोंद नकलेकडे वळवतो आणि लिखाण नकलेवर होतं. रेकॉर्ड रूममधला मूळ दस्तऐवज सगळ्यांनी वाचायचा. कोणाला त्यावर खुणा करायच्या असतील तर आधी झेरॉक्स काढून द्यायची, तसा हा हिशेब. मूळ पेजला कोणी हात लावायचा नाही.

असं मॅपिंग करायला फाइल वाचायची परवानगी पुरते. युजरांची यादी असलेली ‘पासवर्ड’ फाइल (ईटीसी फोल्डरमधली) कोणालाही वाचता येते, तेव्हा तीही मॅप करता येते. मॅपिंग फक्त वाचण्यापुरतं असेल आणि प्रोग्रॅमने तरीही तिथे लिहायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर अडवतो, कर्नल सिग्नल पाठवतो आणि प्रोग्रॅम मरतो. इथवर सगळं चोख आहे.

पण लिहायची एक दुसरी वाट आहे. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोसेसची मेमरी प्रॉक फोल्डरात ‘मेम’ नावाच्या फाइलसारखी दिसते आणि तिच्यातून ती लिहिताही येते. पीट्रेस या सिस्टिम कॉलमधूनही (प्रोग्रॅमने कर्नलकडे करायच्या विनंतीतूनही) तेच करता येतं. ही सोय डिबगरसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, आहे. डिबगरला ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम मध्येच थांबवणारी खूण) लावायचा असतो, तो कोडच्या पेजवर, आणि कोडचं पेज फक्त वाचण्यापुरतं असतं. म्हणून कर्नलच्या आत ‘फोर्स’ नावाचा एक फ्लॅग आहे: मॅपिंगला लिहायची मुभा नसली तरी लिहू दे. यात धोका नाही असं मानलं गेलं, कारण मॅपिंग प्रायव्हेट आहे, लिखाण नकलेवरच होणार, बिघडलं तर त्या प्रोसेसचं स्वतःचं बिघडेल. नक्कल आधी आणि लिखाण नंतर, या क्रमावर ही सगळी सूट अवलंबून आहे.

आता हा क्रम कर्नल पाळतो कसा ते पाहू. ‘गेट यूजर पेजेस’ नावाच्या फंक्शनमध्ये एक लूप आहे. आधी पेज टेबलातली नोंद बघायची: पेज आहे का, आणि लिहायचं असेल तर लिहिण्याजोगं आहे का? उत्तर नाही आलं तर पेज फॉल्ट (हवं तसं पेज न मिळणं) हाताळणाऱ्या कोडला सांगायचं, तो पेज तयार करेल, मग परत नोंद बघायची.

फोर्सच्या वेळी इथे पेच येतो. फॉल्टचा कोड नक्कल काढतो खरी, पण मॅपिंग वाचण्यापुरतंच असल्याने नकलेच्या नोंदीवरही ‘लिहिता येईल’ अशी खूण करत नाही. परत नोंद बघितली की पुन्हा ‘लिहिण्याजोगं नाही’ हेच उत्तर, पुन्हा फॉल्ट, आणि लूप कधी संपायचाच नाही. यावर काढलेला तोडगा असा होता: फॉल्टच्या कोडने ‘नक्कल काढून झाली’ असं कळवलं की कर्नल स्वतःच्याच मागणीतून ‘लिहायचं आहे’ हा फ्लॅग पुसून टाकायचा. पुढच्या फेरीत मागणी नुसत्या वाचनाची दिसते, नोंदीची तपासणी पार पडते, पेज हातात येतं.

फ्लॅग पुसणं आणि पुढची फेरी यांच्यामध्ये कर्नल दुसऱ्या कामाला संधी देऊ शकतो. त्याच प्रोसेसचा दुसरा थ्रेड (समांतर चालणारा धागा) त्या क्षणी ‘एम-ॲडव्हाइज’ कॉल करतो: ही मेमरी मला नको, टाकून दे. कर्नल आज्ञाधारकपणे ताजी नक्कल फेकून देतो आणि नोंद रिकामी करतो. पहिला थ्रेड जागा होतो, नोंद बघतो, ती रिकामी. पुन्हा फॉल्ट. पण आता त्याच्या मागणीत लिहिण्याचा उल्लेखच उरलेला नाही, म्हणून फॉल्टचा कोड नक्कल काढत नाही. वाचायलाच तर हवंय, मग तो सरळ पेज कॅशमधलं मूळ पेज जोडून देतो. पुढची तपासणी वाचनाची, ती पार पडते. आणि ज्याने हे पेज मागवलं होतं त्या वरच्या फंक्शनला आपण लिहायला आलोय हे पक्कं लक्षात असतं. ते कर्नलच्या स्वतःच्या पत्त्यावरून त्या पेजवर लिहून मोकळं होतं. युजरच्या नोंदीवरची ‘फक्त वाचा’ ही खूण तिथे लागू होत नाही.

मूळ पेज बदललं. वर त्याच्यावर ‘बदललेलं आहे, डिस्कवर उतरवा’ अशी खूणही कर्नलनेच केली, त्यामुळे थोड्या वेळाने तो बदल फाइलमध्ये कायमचा झाला.

हल्ल्याला एवढंच लागतं: एक थ्रेड लिहीत राहतो, दुसरा मेमरी टाकत राहतो, दोघे आपापल्या लूपमध्ये. हजारो फेऱ्यांत एकदा वेळ जुळली की काम झालं. साध्या मशीनवर त्याला सहसा काही सेकंद पुरतात. फाइलची लांबी वाढवता येत नाही, आहे त्याच बाइटांवर लिहिता येतं, पण तेवढं भरपूर आहे. युजरांच्या यादीतली एक ओळ बदलायची, किंवा रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या सेट-यूआयडी प्रोग्रॅमचे सुरुवातीचे बाइट काढून तिथे शेल उघडणारा कोड बसवायचा. काहींनी त्याहून पुढची जागा निवडली: व्हीडीएसओ, म्हणजे कर्नल प्रत्येक प्रोसेसला जोडून देतो ते छोटं कोडचं पेज. ते सगळ्यांत सामायिक असल्याने कंटेनरच्या (त्याच कर्नलवर प्रोग्रॅमना वेगळं कोंडून ठेवणाऱ्या कप्प्याच्या) आत बसून ते बदललं तरी बाहेरच्या रूट प्रोसेसमध्ये आपला कोड चालतो. कंटेनरची भिंत कर्नलनेच उभी केलेली, त्यामुळे कर्नलमधल्या फटीपुढे ती कामाची नाही.

२००५ चा आठवडा

हा फ्लॅग पुसण्याचा तोडगा आला कुठून? १ ऑगस्ट २००५ रोजी टोरवाल्ड्स यांनी याच लूपमध्ये एक दुरुस्ती केली होती. त्यांना दिसलं होतं ते असं की दुसऱ्या थ्रेडने मध्येच पेज टेबल बदललं तर लिहिण्याची मागणी पुढच्या फेरीत वाचण्याची होऊन जाते आणि नक्कल न काढलेल्या पेजवर लिखाण होऊ शकतं. निदान अचूक होतं. त्यांनी उपाय केला तो असा: लिहिण्यासाठी पेज द्यायचं तर त्याच्या नोंदीवर ‘डर्टी’ बिट असलाच पाहिजे. डर्टी म्हणजे या नोंदीतून या पेजवर लिखाण झालेलं आहे. लिहिण्यासाठी काढलेल्या नकलेवर तो असतो, मूळ पेजच्या वाचण्यापुरत्या नोंदीवर नसतो.

त्याच आठवड्यात ही दुरुस्ती मागे घ्यावी लागली. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, म्हणजे एस-३९० या घराण्यावर, डर्टी बिट पेज टेबलात नसतोच. तिथे तो प्रत्यक्ष मेमरीच्या पेजला जोडलेल्या स्टोरेज कीमध्ये असतो. त्यामुळे त्या मशीनवर ‘ही नोंद डर्टी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर कायम नकारार्थी येई आणि लूप फिरतच राही. मग निक पिगिन यांच्या पॅचने जुनी तपासणी परत आणली आणि सोबत ‘नक्कल काढून झाली’ हा वेगळा निरोप आणला. या निरोपावरून फ्लॅग पुसायचा, हा तोडगा इथला.

आज मागे वळून कोणाला दोष देणं सोपं आहे, पण तेव्हाचा हिशेब चुकीचा म्हणवत नाही. मेनफ्रेम अडकून पडणं हा डोळ्यांसमोरचा बिघाड होता, आणि दोन थ्रेडमधली ही वेळेची शर्यत कागदावरची. कागदावरची कशामुळे, तर ‘गेट यूजर पेजेस’ चालू असताना त्या प्रोसेसच्या मेमरीच्या नकाशावरचं कुलूप वाचकाच्या पद्धतीने धरलेलं असे, आणि एम-ॲडव्हाइज तेच कुलूप लेखकाच्या पद्धतीने घेई. लेखक आत असताना वाचक बाहेर, वाचक आत असताना लेखक बाहेर. दोघे एकाच वेळी आत येऊच शकत नव्हते.

२००७ मध्ये आवृत्ती २.६.२२ आली आणि एम-ॲडव्हाइजने नको असलेली मेमरी टाकताना हे कुलूप वाचकाच्या पद्धतीने घ्यायला सुरुवात केली. कारण रास्त होतं: भरपूर थ्रेड असलेले प्रोग्रॅम मेमरी मोकळी करताना या कुलपापाशी एकमेकांचे खोळंबे करत. बदलाने वेग वाढला. आता दोघेही वाचक, दोघेही एकाच वेळी आत. डर्टी काऊची बाधा २.६.२२ पासून मोजतात ती यामुळे. २००५ मध्ये फट ठेवणाऱ्या कोडला २००७ मधल्या बदलाची कल्पना असणं शक्य नव्हतं, आणि २००७ चा बदल तपासणाऱ्याला दुसऱ्या फाइलमधल्या त्या तोडग्याची सुरक्षा आपल्या कुलपावर टेकलेली आहे हे कुठे लिहिलेलं दिसलं नसणार.

मला जास्त खटकतो तो पुढचा टप्पा. आवृत्ती ३.९ मध्ये, म्हणजे २०१३ साली, एस-३९० वर पेज टेबलातच सॉफ्टवेअरने सांभाळलेला डर्टी बिट आला. ज्या अडचणीमुळे दुरुस्ती मागे घेतली होती ती अडचण संपली. तरीही जुन्या दुरुस्तीकडे परत जायला आणखी तीन वर्षं आणि एक हल्ला लागला. अमुक अडचण दूर झाली की तमुक तोडगा काढायचा आहे, अशी यादी कोणाकडेच नव्हती. मोठ्या प्रकल्पांत ती सहसा नसतेच.

पंधराएक ओळी

२०१६ चा पॅच वाचायला सोपा आहे. ‘लिहायचं आहे’ हा फ्लॅग आता पुसायचा नाही. त्याऐवजी ‘नक्कल काढून झाली’ असा एक नवा फ्लॅग लावायचा, त्याचं नाव फॉल-काऊ. नोंद तपासताना लिहायला परवानगी दोनच परिस्थितींत: एक तर नोंद उघडपणे लिहिण्याजोगी असावी, नाहीतर फोर्स असावा, फॉल-काऊ असावा आणि नोंदीवर डर्टी बिट असावा. मध्येच कोणी नक्कल फेकून दिली आणि जागी मूळ पेज आलं, तर त्या नोंदीवर डर्टी बिट नसेल. तपासणी नापास, पुन्हा फॉल्ट, आणि मागणी अजून लिहिण्याचीच असल्याने पुन्हा नवी नक्कल. २००५ चीच कल्पना, पण जास्त काळजीने मांडलेली.

२० ऑक्टोबर २०१६ रोजी ४.८.३, ४.७.९ आणि ४.४.२६ या दुरुस्त आवृत्त्या आल्या आणि डिस्ट्रोंनी (लिनक्सच्या उबुंटू, रेड हॅटसारख्या तयार संचांनी) आपापल्या कर्नलमध्ये पॅच घ्यायला सुरुवात केली. कर्नलचा पॅच नुसता बसवून भागत नाही, मशीन रीबूट व्हावं लागतं. नवं पॅकेज डिस्कवर आहे पण चालतोय जुनाच कर्नल, असे सर्व्हर महिनोन् महिने सापडतात, कारण पॅकेजची यादी तपासणाऱ्याला सगळं हिरवंगार दिसतं. बसवलेली आवृत्ती आणि प्रत्यक्ष चालू असलेली आवृत्ती वेगवेगळी विचारली तरच फरक कळतो. योगायोग असा की कॅनॉनिकलने उबुंटू १६.०४ साठी रीबूटशिवाय पॅच देणारी लाइव्हपॅच सेवा जाहीर केली ती १८ ऑक्टोबरला, आणि दोनच दिवसांत तिला डर्टी काऊची परीक्षा द्यावी लागली. या पद्धतीत चालू कर्नलमधल्या सदोष फंक्शनच्या सुरुवातीलाच वळण टाकून काम नव्या फंक्शनकडे पाठवलं जातं.

पॅच हातात येईपर्यंत काय करायचं, यावर रेड हॅटने सिस्टिमटॅपची (चालू कर्नलमध्ये छोटा कोड घालणाऱ्या साधनाची) एक छोटी स्क्रिप्ट दिली होती. ती मेम फाइलमधून होणारं लिखाण आणि पीट्रेसचे कॉल निकामी करत होती. किंमत अशी की डिबगर बंद, आणि दुसऱ्या प्रोसेसमध्ये डोकावणारे काही अँटिव्हायरसही बंद. पीट्रेसचा समावेश आवश्यक होता. २.६.३२ धाटणीच्या जुन्या कर्नलवर मेम फाइलमध्ये लिहिताच येत नाही, त्यामुळे सुरुवातीला फिरत असलेला चाचणी प्रोग्रॅम तिथे फसायचा. तो फसला म्हणून मशीन सुरक्षित समजणं धोक्याचं होतं, कारण पीट्रेसची वाट तिथे उघडीच होती. एक एक्सप्लॉइट (फट वापरणारा प्रोग्रॅम) चालला नाही यावरून फट नाही असं ठरत नाही. ठरतो फक्त त्या एक्सप्लॉइटचा निकाल.

आणखी एक गोष्ट ॲडमिन मंडळींच्या लक्षात उशिरा आली. पॅचने पुढचा हल्ला थांबतो, झालेला हल्ला पुसला जात नाही. सेट-यूआयडी प्रोग्रॅम आधीच बदलला गेला असेल तर नव्या कर्नलवरही तो बदललेलाच राहतो. त्याची शेवटच्या बदलाची वेळही बघून उपयोग नाही, कारण हे लिखाण फाइल लिहिण्याच्या नेहमीच्या मार्गाने होत नाही आणि वेळ नोंदवणारा कोड त्या वाटेवर येतच नाही. पॅकेजच्या मूळ चेकसमशी (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळख-आकड्याशी) ताडून बघणं हाच भरवशाचा उपाय. त्यातही एक मेख होती. सुरुवातीचे एक्सप्लॉइट चालवले की थोड्या वेळाने मशीन कोसळायचं, म्हणून ते वापरणारे आधी बदललेली पेजेस डिस्कवर उतरवण्याचं नियमित काम शून्यावर आणून थांबवत. अशा वेळी बदल फक्त मेमरीत असतो. घाबरून कोणी मशीनची वीज तोडली तर डिस्कवर स्वच्छ फाइल उरते आणि पुरावा गेलेला असतो.

फोनच्या बाजूला हेच सगळं संथपणे घडलं. अँड्रॉइड लिनक्स कर्नलवरच चालतं. गूगलने नोव्हेंबर २०१६ च्या सुरक्षा पत्रकात पुरवणी म्हणून आणि डिसेंबरमध्ये पक्का भाग म्हणून हा पॅच दिला. पण फोनचा कर्नल चिप बनवणारा, फोन बनवणारा आणि कधी कधी नेटवर्क कंपनी अशा हातांतून जातो, आणि जुन्या मॉडेलांना कोणी वाली नसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये, पॅचला वर्ष होत आलं असताना, ट्रेंड मायक्रोने झेड-एन-आय-यू नावाचं मालवेअर दाखवलं. अँड्रॉइडवर डर्टी काऊ वापरणारं ते पहिलं सापडलेलं मालवेअर. बाराशेच्या वर ॲपमध्ये ते दडलेलं होतं, चाळीसहून अधिक देशांत त्याचा माग लागला आणि बाधित झालेल्यांत सर्वाधिक चीन आणि भारतातले होते. त्याच वेळी हौशी मंडळी आपलाच फोन रूट करायला हाच बग आनंदाने वापरत होती, हेही नमूद करायला हवं.

साक्षीदार फितूर होतो

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी सांगितली जाते. पुढची कमी वेळा.

लिनक्समध्ये नेहमीचं पेज ४ केबीचं असतं. वेग वाढवण्यासाठी कर्नल जमेल तिथे २ एमबीचं एक मोठं पेज देतो, त्याला ट्रान्सपरंट ह्यूज पेज म्हणतात. मोठ्या पेजची नोंद तपासणारं फंक्शन वेगळं आहे, आणि ऑक्टोबर २०१६ च्या पॅचमध्ये त्याला हात लागला नव्हता. जानेवारी २०१७ मध्ये केनो फिशर यांच्या पॅचने फॉल-काऊ आणि डर्टी बिटाची तीच अट तिथेही आणली. अट शब्दशः तीच, पण ज्या जागी ती नेली तिथे डर्टी बिटाचा अर्थ तोच होता का?

नव्हता. मोठ्या पेजच्या नोंदीला ‘नुकतंच वापरलं’ अशी खूण करणारं एक छोटं फंक्शन होतं, आणि ते त्यासोबत डर्टी बिटही लावून टाकायचं, मागणी वाचनाची असली तरी. कोडमध्ये त्यावर टिप्पणीसुद्धा होती, तिचा मथितार्थ असा: खरं तर हा बिट लिहिण्याच्या वेळीच लावायला हवा, पण सध्या या बिटाला काही अर्थ नाही. टिप्पणी लिहिली तेव्हा ते खरंच होतं. त्या बिटाला जानेवारी २०१७ मध्ये अर्थ आला, आणि टिप्पणी तशीच राहिली.

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस बिंडेसी या संस्थेच्या संशोधकांनी हे जाहीर केलं, क्रमांक सीव्हीई-२०१७-१०००४०५. शर्यत जुनीच: नक्कल काढा, फेकून द्या, मूळ पेज जोडलं जाऊ द्या. फक्त आता मूळ पेजवर वाचनाच्या निमित्ताने डर्टी बिट लावून घ्यायचा, की तपासणी त्याला नक्कल समजून सोडून देते. सुदैवाने हानीचा आवाका लहान होता, कारण डिस्कवरच्या साध्या फाइली तेव्हा अशा मोठ्या पेजांत ठेवल्या जात नव्हत्या. पण शून्यांनी भरलेलं एक मोठं सामायिक पेज असतं, ज्या मेमरीत अजून कोणी काही लिहिलेलं नाही ती वाचणाऱ्या सगळ्या प्रोसेसना कर्नल तेच दाखवतो. त्याच्यावर लिहिता येत होतं. जिथे शून्य असणारच असं गृहीत धरलेलं तिथे भलतंच निघाल्यावर प्रोग्रॅम कोसळतात, तेही दुसऱ्याच युजरचे. किरिल शुतेमोव्ह यांच्या पॅचने ती खूण लिहिण्याच्या वेळेपुरती मर्यादित केली.

तरी डर्टी बिट साक्षीदार म्हणून कायम राहिला. पाच वर्षांनी, ५.१६ पासूनच्या कर्नलमध्ये, शेअर्ड मेमरी आणि टेम्प-एफएस (मेमरीतच राहणारी फाइल सिस्टिम) यांच्या बाबतीत एक बदल आलेला होता: यूजर-फॉल्ट-एफडी या, प्रोग्रॅमला स्वतःच पेज फॉल्ट हाताळू देणाऱ्या, सोयीतून जोडल्या जाणाऱ्या पेजच्या नोंदीवर डर्टी बिट सरसकट लावायचा. त्या कामाच्या दृष्टीने बदल योग्य होता. फॉल-काऊच्या दृष्टीने नव्हता. ऑगस्ट २०२२ मध्ये डेव्हिड हिल्डेनब्रँड यांनी दाखवलं की यामुळे टेम्प-एफएसवरच्या वाचण्यापुरत्या फाइलवर पुन्हा डर्टी काऊच्याच पद्धतीने लिहिता येतं. क्रमांक सीव्हीई-२०२२-२५९०.

त्यांचा पॅच मला या साखळीतला सगळ्यात प्रामाणिक वाटतो, कारण त्याने प्रश्नच बदलला. डर्टी बिट, फॉल-काऊ, दोन्ही बाजूला ठेवले. विचारायचं एवढंच: हे पेज कोणत्याही फाइलचं नसलेलं, आणि फक्त याच प्रोसेसच्या मालकीचं आहे का? हे थेट विचारता येतं, कारण ५.१९ पासून कर्नल अशा पेजांवर ‘एकट्याचं’ अशी स्वतंत्र खूण ठेवू लागला होता. ‘नक्कल कधीतरी काढली होती’ हा इतिहास आणि ‘यावर कोणीतरी लिहिलं होतं’ हा आडून काढलेला अंदाज, दोन्हींची गरज संपली. फॉल-काऊ हा फ्लॅग ६.० च्या कर्नलमधून गेला. २००५ मध्ये हे करता आलं असतं का? अशी खूण तेव्हा नव्हती, आणि ती आणायला मेमरी व्यवस्थापनाच्या कोडमध्ये बरीच उलथापालथ करावी लागली आहे. म्हणून आधीच्या मंडळींनी जवळ असलेला बिट उचलला.

राहता राहिली ती फोर्सची सूट, जिच्यामुळे वाचण्यापुरत्या मॅपिंगवर लिहायची वाट मुळात उघडली. ६.१२ पासून कर्नल बांधताना किंवा सुरू करताना ठरवता येतं की प्रॉकच्या मेम फाइलमधून असं जबरदस्तीचं लिखाण नेहमी चालू द्यायचं, फक्त डिबगरसारखं पीट्रेसने जोडलेल्याला द्यायचं, की अजिबात द्यायचं नाही. काही निवडलं नाही तर पूर्वीचंच वर्तन राहतं. पीट्रेसमधून शब्द शब्द लिहिण्याची जुनी वाट या पर्यायाच्या कक्षेत येत नाही, कारण ती बंद केली तर ब्रेकपॉइंट लावता येणार नाहीत.